केसाएवढी स्प्रिंग

"झोपवतेयस का गं तिला?"

काचेवर बोटाच्या पेराची टकटक झाली आणि पाठोपाठ दारातून हा प्रश्न आत आला, तेव्हा चाचणी घेणाऱ्या नव्या मुलीचा हात अजून हवेतच होता. समोरच्या खुर्चीतल्या कॉलेजकन्येनं तोंडातली नळी काढली, नाकाचा चिमटा काढला आणि हिच्याकडे पाहिलं. आता माझं काय चुकलं, अशा नजरेनं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. श्वासचाचणी विभागातल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ आत आल्या होत्या. पाठीमागे सगळं हॉस्पिटल त्यांना भोंगा म्हणायचं, तोंडावर ताई. ताईंनी हिला खांद्यानंच जरा बाजूला सारलं, पोरीच्या नाकाला पुन्हा चिमटा लावला, म्हणाल्या, "भर, भर, छाती फुटेपर्यंत भर," आणि मग त्या खोलीत जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. "फुंऽक! फुंक फुंक फुंक! थांबू नकोस, आहे अजून, आहे, आहे, काढ, काऽढ!" पोर लालबुंद झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पडद्यावरची रेघ, जी आतापर्यंत टेकाडासारखी आळसावून उठत होती, ती सरळ कड्यासारखी उभी राहिली. माणूस तेच, फुप्फुसं तीच, यंत्र तेच. पोरगी खोकत खोकत हसायला लागली. ताई हसल्या नाहीत. "हिला दमा आहे म्हणून लिहून दिलं असतंस तू," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, आणि त्यांचा खाली आणलेला आवाजही बाहेरच्या बाकापर्यंत गेलाच असणार. "दमा हिला नाही. दमा तुझ्या गळ्याला आहे."

ती काही बोलली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं, हा तर सगळा घोटाळा होता. नोकरीला लागून थोडेच आठवडे झाले होते, उमेदवारीचा काळ अजून संपायचा होता, आणि बाकीचं सगळं तिला येत होतं. नळ्या निर्जंतुक करणं येत होतं, सकाळी यंत्राला हवेचा ठरलेला घोट पाजून त्याची खात्री करणं येत होतं, पलीकडच्या झोपेच्या चाचणीच्या खोलीत डोक्याला तारा चिकटवण्यात तर तिचा हात इतका हलका की माणसं तारा लावता लावताच पेंगायची. पण या खुर्चीत बसलेल्या माणसाकडून श्वास ओरडून काढून घ्यावा लागतो. कुणीही आपल्या मनानं पूर्ण रिकामं होत नाही. प्रत्येकजण थोडं शिल्लक ठेवतो. ते शिल्लक बाहेर काढणं हेच या कामातलं काम. आणि ती म्हणायची, "फुंका... हं, अजून थोडं... छान." जसं लेकीच्या पाठीवर थोपटताना म्हणावं, तसं.

"त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची फाइल परत आलीय," ताई टेबलावर टेकून म्हणाल्या. कॉलेजकन्या गेली होती. "त्यांच्या फुप्फुसाचा खराब भाग काढायचाय. सर्जन म्हणतात, एवढ्याशा श्वासावर मी काही काढणार नाही, काढलं तर उरलेल्यावर माणूस जगायचा नाही. आकडा कमी आलाय. ती चाचणी कुणी घेतली होती?"

"मी."

"तूच. दुपारी पुन्हा बोलावलंय. उद्या डॉक्टर लोक बसतील आणि काय ते कायमचं ठरवतील, तेव्हा ही शेवटची. तूच घ्यायचीस."

"ताई, तुम्ही घ्या ना. त्यांच्या ऑपरेशनचा प्रश्न आहे."

"म्हणूनच. मी किती दिवस पुरणार तुम्हांला? पहिल्या तीन फुंका तुझ्या. नाही जमलं तर मी आहेच काचेमागे. पण एक ध्यानात ठेव, तो आजारी माणूस आहे, प्रत्येक फुंकेला दमतो. तू वाया घालवलेल्या फुंका मला परत मिळायच्या नाहीत. मला मिळेल तो दमलेला माणूस."

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच मागच्या जिन्यानं खाली गेली. तळाशी धुलाईची खोली होती, तिथली यंत्रं घरघरत असतात, तिथं कुणाला ऐकू जाणार नाही. चादरींच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून तिनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं. काही आलं नाही. म्हणजे वारा आला, आवाज आला नाही. जणू मधे कुणीतरी हात धरला होता, आणि तो हात कुणाचा हे तिला चांगलं माहीत होतं. आईचा हात, पिठाचा वास येणारा, तोंडावर अलगद ठेवलेला. शू. बाबा झोपलेत. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला होते. जग उठायचं तेव्हा ते शाईचा वास घेऊन घरी यायचे, आणि जग खेळायचं तेव्हा पडदे ओढून झोपायचे. त्या घरात भांड्याला भांडं लागत नसे. खुर्ची उचलून ठेवायची, ओढायची नाही. बिजागऱ्यांना तेल. खालून मैत्रिणीनं हाक मारली तर खिडकीतून हातवारे करून सांगायचं, आले, थांब. एकदा दारात दोन बोटं चेंगरली, नखं काळीनिळी झाली, आणि तिनं दुसऱ्या हाताची मूठ तोंडात कोंबून रडणं संपवलं. नंतर आईनं कुशीत घेऊन कानात म्हटलं, किती शहाणी गं माझी बाय. शहाणी हा शब्द तिच्या आयुष्यात कायम कुजबुजीतच आला. शाळेत बाई म्हणायच्या, मोठ्यानं वाच, शेवटच्या बाकाला ऐकू येऊ दे, आणि तिला वाटायचं, शेवटच्या बाकापलीकडे भिंत आहे, भिंतीपलीकडे आणखी घरं आहेत, त्यात कुठेतरी कुणाचे तरी बाबा झोपलेले असतील.

आणि गंमत अशी की त्या घरातला सगळ्यांत मोठा आवाज बाबांचाच असायचा. घोरणं. करवतीसारखं, लाकूड कापत जाणारं. त्या आवाजाचं तिला कधी भय वाटलं नाही, उलट त्या आवाजात तिला धीर असायचा, तो चालू असेतो सगळं ठीक होतं. भय असायचं ते मधल्या थांबण्याचं. करवत चालता चालता एकाएकी थांबायची. काही नाही. पडद्याची कड हलायची, नळ ठिबकायचा, आणि बाबांची छाती उगीच आतल्या आत ओढल्यासारखी व्हायची, पण हवा नाही. ती दाराशी उभी असायची, फ्रॉकचं टोक मुठीत आवळून. हाक मारायची नाही, हा नियम होता. हाक नाही, हात नाही, नुसतं उभं राहायचं, आपलाही श्वास धरून, जणू आपण सोडला तर त्यांच्या वाटचा संपेल. मग एकदम मोठा हिसका, गचका, आणि करवत पुन्हा सुरू. तिला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असे थांबत असतील. कुणाला विचारलं नाही. विचारायला आवाज लागतो.

मागल्या आठवड्यात ताई तिला झोपेच्या चाचण्या वाचायला शिकवत होत्या. दिवसा बसून आदल्या रात्रीच्या रेघा वाचायच्या असतात. मेंदूची रेघ, हृदयाची रेघ, आणि नाकातून येणाऱ्या हवेची. हवेची रेघ लाटांसारखी जात होती, जात होती, आणि सपाट झाली. तिच्याखाली छातीची रेघ मात्र धडपडत होती. "बघ," ताई पेन्सिलीनं दाखवत म्हणाल्या, "घसा मिटलाय. छाती ओढतेय, पण दार बंद. रक्तातला प्राणवायू उतरत चाललाय. आता मेंदू जागा होईल, आणि... हा बघ हिसका. रात्रभर हेच. यांना वाटतं आपण छान झोपलो. एखाद्या वेळी हृदय कंटाळतं." ती त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. तिला नळ ठिबकल्याचा आवाज आला. मुठीत फ्रॉकचं टोक होतं. त्या दिवशी ती घरी गेली ती ठरवून, की आज सांगायचं. आणि आईनं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. बाबा निवृत्त होऊन काळ लोटला तरी त्यांचं शरीर अजून रात्रपाळीच करत होतं, दुपारी झोपायचंच. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून ती लेकीला घेऊन माहेरी राहत होती. आतल्या खोलीत लेक पाळण्यात जागी होती. डोळे टक्क उघडे, मुठी हवेत, आणि तोंडातून हूं नाही. "कधीची जागी आहे," आई कौतुकानं कुजबुजली, "पण रडेल तर शपथ. किती शहाणी!" तिच्या अंगावर काटा आला. दहा महिन्यांचं पोर भूक लागली तरी छताकडे बघत पडून राहतं, आणि आपण सगळे त्याला शहाणं म्हणतोय. तेव्हाही ती काही बोलली नाही. लेकीला उचलून छातीशी धरलं, इतकंच.

धुलाईच्या खोलीतून ती तशीच वर आली. आवाज तिथल्या चादरींत राहिला असता तरी चाललं असतं. तो निघालाच नव्हता.

घड्याळजी वेळेआधीच येऊन बाकावर बसले होते. बारीक अंगाचा, स्वच्छ माणूस, शर्टाच्या खिशात भिंगाची नळी, डोळ्याला लावतात ती. शेजारी बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. "हीच ती मुलगी," घड्याळजी बायकोला म्हणाले, "फार गोड बोलते. मागच्या वेळी अजिबात त्रास दिला नाही." ते कौतुक तिला सुईसारखं टोचलं. त्रास दिला नाही, म्हणून तर तुमचं ऑपरेशन अडलं.

तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला, पाठ सरळ. नाकाला चिमटा. काचेपलीकडे ताई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "खोल श्वास घ्या... आणखी... आता फुंका," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आवाज थोपटण्याचाच निघाला. रेघ उठली, टेकाडासारखी, आणि पसरून पडली. घड्याळजींनी नळी काढून रुमालानं ओठ टिपले. "जमलं नाही वाटतं. माफ करा हं." आजारी माणसानं माफी मागावी, आणि तिनं ती घ्यावी! तिला वर बघवेना. काचेतून येणारी ताईंची नजर मानेवर उन्हासारखी बसली होती.

"यांना कसलं फुंकायला सांगताय," बायको दाराजवळच्या स्टुलावरून म्हणाली. तिलाही आत बसू दिलं होतं, घड्याळजींचा हट्ट. "हा माणूस जन्मात फुंकला नाही. चहा गार होईपर्यंत समोर घेऊन बसतो, पण फुंकर मारणार नाही. यांच्या टेबलाजवळून मी पदरसुद्धा आवळून जाते. वारा लागतो ना!"

"लागतोच मग," घड्याळजी जरा रागानं म्हणाले. "तुला काय ठाऊक. केसाएवढी स्प्रिंग असते. उडाली की गेली."

दुसऱ्या फुंकेला तिनं पडदा पाहिलाच नाही. माणूस पाहिला. छाती भरली, खांदे वर आले, आणि मग, सोडण्याच्या ऐन क्षणाला, ते थांबले. अगदी किंचित. ओठ नळीवर आवळले गेले, डोळे बारीक झाले, नजर समोर कुठेतरी अगदी जवळ, एका बिंदूवर. आणि हवा अशी सुटली जसा सुईच्या नेढ्यातून दोरा सुटतो. हा माणूस आत्ता टेबलाशी बसलाय, तिला एकदम दिसलं. याच्यापुढे एक उघडं घड्याळ आहे. आयुष्यभर यानं उघड्या घड्याळावर श्वास धरलाय आणि तो हळूच, बाजूला, चोरून सोडलाय. उरलेलं फुप्फुस नेमकं किती निकामी आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण चांगलं फुप्फुसही यानं कधी वापरलं नाही. फ्रॉकचं टोक मुठीत धरून दाराशी उभी राहिलेली मुलगी तिला त्या खुर्चीत बसलेली दिसली. दोघांच्याही समोर काहीतरी होतं, जे हलू द्यायचं नव्हतं.

घड्याळजी धापा टाकत होते. कपाळ ओलं. ओठांच्या कडा निळसर. काचेवर एकदा टक झालं. एकच उरली, असा त्याचा अर्थ.

"कधी शिंकलात का हो काम करताना?" तिनं विचारलं.

"एकदाच," ते दम खात म्हणाले. "लग्नाआधी. बाईच्या हातातलं घड्याळ होतं, नाजूक. शिंक आली आणि... सगळं गेलं. गुडघ्यावर बसून दोन दिवस शोधलं. ती स्प्रिंग काही सापडली नाही."

"ते घड्याळ माझं होतं," बायको म्हणाली. "म्हणून तर लग्न करावं लागलं यांना. भरपाई!"

ते हसले, हसता हसता खोकले, खोकला थांबायला वेळ लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला, परत घेतला, चिमटा लावला. "हे बघा," ती त्यांच्यापुढे वाकून म्हणाली, "समोर तुमचं टेबल आहे. त्यावर सगळी घड्याळं उघडी पडलीत. भरा श्वास. भरा, भरा, आणखी, आणि आता..."

आणि आता काहीच आलं नाही. तो हात पुन्हा तोंडावर. पिठाचा वास. घड्याळजी भरलेल्या छातीनं तिच्याकडे बघत होते, डोळे वटारून, वाट बघत, आणि ती त्यांच्याकडे. आणि त्या सपाट क्षणात ती दाराशी उभी होती, आत करवत थांबली होती, नळ ठिबकत होता, पडद्याची कड हलत होती, कुणीतरी हाक मारायला हवी होती, कुणीतरी, आताच, आणि घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"उडवाऽऽ!"

तो आवाज तिचा नव्हता. तो कुठल्यातरी चिरक्या, फाटक्या, रस्त्यावरच्या पोरीचा होता. "उडवा! सगळं उडवा! टेबल रिकामं करा! काटे उडवा, चाकं उडवा, स्प्रिंगा उडवा, एक ठेवू नका, अजून आहे, कोपऱ्यात आहे, तीही उडवा, उडवा, उडवाऽ!" "उडवा हो!" बायको स्टुलावरून उठून ओरडली, पिशवी खाली पडली, "माझंही उडवा!" घड्याळजींचे गाल थरथरत होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या, आणि पडद्यावरची रेघ उभी राहिली होती. कड्यासारखी नाही, त्यांचा कडा केव्हाच ढासळला होता. पण टेकाडही नाही. आणि ती संपेचना, सरपटत पुढे पुढे जात राहिली, तळाशी जे काही वर्षानुवर्षं साठलं होतं ते घेऊन.

नळी सुटली. ते पुढे वाकले, तिनं खांदा धरला. एक फुंक म्हणजे योगायोग, हे तिला माहीत होतं. तशीच दुसरी आली पाहिजे, तेव्हाच आकडा खरा. माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोठं ऑक्सिजनचं सिलिंडर कोपऱ्यात उभं होतं, तिचं लक्ष तिकडे गेलं, परत आलं. दार उघडून ताई आत आल्या, ओरडायला नव्हे. त्यांनी घड्याळजींच्या बोटाला यंत्र लावून पाहिलं, नाडी पाहिली, बसू दिलं, बराच वेळ बसू दिलं, आणि मग तिच्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. "आणखी एकदा, काका," ती म्हणाली. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. "टेबलाखाली बरंच पडलंय अजून." आणि पुन्हा ओरडली. या वेळी तो आवाज तिला ओळखीचा वाटला.

दोन रेघा एकमेकींवर जवळजवळ बसल्या. सर्जननी सांगितलेल्या आकड्याच्या वर; फार नाही, एखाद्या बोटाइतक्या. ताईंनी कागद हातात धरून वाचला, पुन्हा वाचला. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढ्या हळू निघालेला शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. "आता मीठ-पाण्याच्या गुळण्या कर. नाहीतर उद्या मुक्यानं यायचीस. उद्याही चार जण आहेत तुझ्या वाट्याला."

तिला आनंद व्हायला हवा होता. तो होईना. आपण ओरडून या माणसाला कुठे पाठवलं? आकड्यापर्यंत नेलं, आकड्यापुढे टेबल आहे, दिवे आहेत, सुरी आहे, उघडी छाती आहे आणि त्यावर वाकून श्वास धरणारं दुसरंच कुणी. दारातून जाताना घड्याळजी थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी मान वर करून पाहिलं, डोळे बारीक केले. "मागे पडलंय हे," ते म्हणाले. "बरा झालो की येतो. तेवढं बघून देतो." आणि बायकोचा हात धरून गेले. बरा झालो की. ते तीन शब्द ती रस्ताभर घशात धरून चालली, सोललेल्या जागी.

घरी आईनं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. तिनं चपला हातात उचलून ठेवल्या. सवय, दुसरं काय. पडदे ओढलेले होते, दुपारचं ऊन कडेकडेनं आत येत होतं. आतून करवत ऐकू येत होती. पाळण्यात लेक जागी, मुठी हवेत, डोळे छताला, गप्प. तिनं लेकीच्या गालाला बोट लावलं. लेकीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा छताकडे बघू लागली. आणि करवत थांबली. ती दाराशी गेली. बाबा उताणे पडले होते, तोंड उघडं, छाती आत ओढत होती, ओढत होती, दार बंद होतं. ओढणीचं टोक मुठीत आल्याचं तिला कळलं. आई मागून येऊन उभी राहिली, चहा करू का, असं हातातली रिकामी कपबशी दाखवूनच विचारत. हवा नाही. पडद्याची कड हलली. आता हिसका येईल, आजवर नेहमी आलाय. आजवर. तिनं ओढणी सोडली.

"बाबाऽऽ!"

घसा फाटकाच होता, पण भिंतीपलीकडे गेला असणार. आईच्या हातून कपबशी सुटली. बाबा गचका देऊन उठून बसले, केस पिंजारलेले, छातीवर हात, हवा ओढत. "काय झालं? कोण ओरडलं?"

"मी."

"तू?" ते तिच्याकडे बघत राहिले, घरात कुणी नवीनच माणूस आल्यासारखे. "तुला एवढा आवाज आहे?"

"आहे. तुमचा श्वास थांबतो झोपेत, बाबा. मी लहान असल्यापासून थांबतो. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात झोपायला यायचंय. डोक्याला तारा मी लावीन."

"अगं पण..." आई म्हणाली, आणि तिचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं, अर्ध्या वाटेवर थांबलं. कारण आतल्या खोलीतून एक आवाज यायला लागला होता. आधी घाबरलेला, मग चिडलेला, मग सणसणीत, मोकळा, दारं-खिडक्या न जुमानणारा. लेक रडत होती. छाती रिकामी करून रडत होती, आणि तिला शू म्हणायला कुणी उठलं नाही.